तर्जनीवरची रेष

माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीवर एका सर्जनने काळ्या पेनने रेष काढली होती. रेषेच्या अलीकडचं बोट माझं. पलीकडचं राहणार की जाणार, ते ठरायचं होतं. हे सगळं मी त्याच बोटाने टाइप करते आहे, तेव्हा निकाल काय लागला ते पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकते. मला गोष्टी पोटात ठेवता येत नाहीत. आयुष्यात एकच गोष्ट ठेवली आणि तिच्यापायी बोट जायची वेळ आली.

हे लिहून काढ असं मला मुग्धाने सांगितलं. मुग्धा कोण ते येईलच पुढे. ती म्हणाली, "काकू, तुमचा आवाज मोठा आहे, तुमचं लोक ऐकतात." काकू म्हटल्याचा राग मी गिळला आणि लिहायला बसले. मी चव्वेचाळीसची आहे. ताई म्हणायला काय जातं लोकांचं?

हाताचं काम

मी मूळची चिंचवडची. सोळा वर्षांपूर्वी न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला शिकायला आले आणि इथलीच झाले. घर टाकानिनीला, नोकरी बॉटनी डाउन्सला, एका रक्ततपासणी केंद्रात. दिवसभर लोकांचं रक्त काढणं हे माझं काम. नवरा मंदार एअरपोर्टजवळ एका गोदामाचं बघतो. मुलगी इरा पंधरा वर्षांची. आम्ही मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते, भांडण दोन्ही भाषांत होतं.

रक्त काढणाऱ्याची परीक्षा सुईत नसते, बोटात असते. उजव्या हातात सुई धरायची ती नंतर. आधी डाव्या हाताची तर्जनी कोपराच्या खोबणीत टेकवायची आणि हलकेच दाबायचं. खालून काहीतरी मऊ, उसळी मारणारं लागलं की ती शीर. पुष्कळदा ती डोळ्यांना दिसतच नाही. नवीन मुली निळी रेघ बघून सुई घालतात आणि फसतात. मी डोळे मिटून शीर सांगू शकते, असा माझा लौकिक होता. होता कसला, मीच तो सगळीकडे सांगत फिरायचे.

आमच्याकडे हेनी नावाची सत्तरीची एक माओरी, म्हणजे इथल्या मूळ लोकांपैकी, बाई यायची. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू, म्हणून दर पंधरा दिवसांनी तपासणी. तिच्या शिरा म्हणजे लपाछपीच. दुसऱ्या कुणी हात लावायला गेलं की ती सरळ सांगायची, माझ्या बाईला बोलवा. मग मी आत जायचे, "कियोरा हेनी" असा तिच्या भाषेत नमस्कार करायचे आणि पहिल्या सुईला रक्त काढून दाखवायचे. ती दाराकडे बघून बाकीच्यांना ऐकू जाईल असं "स्वीट ॲज!" म्हणायची. अख्ख्या पंधरवड्यात मला तेवढं एक कौतुक पुरायचं.

गेल्या जुलैत त्याच हेनीला मी तीनदा टोचलं आणि तीनदा शीर चुकले.

तर्जनी तिच्या कोपरावर होती आणि खाली काही लागतच नव्हतं. आपण कापसाच्या हातमोज्यातून चाचपतोय असं वाटत होतं. तिसऱ्या वेळी तिने माझे दोन्ही हात आपल्या जाडजूड तळव्यांत धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. मग म्हणाली, "तुझे हात मेल्यासारखे गार आहेत, डार्ल. दाखवून घे कुणाला तरी."

मी म्हटलं, हिवाळा आहे. इथे जुलै म्हणजे ऐन थंडी. घर गरम ठेवणाऱ्या आमच्या हीटपंपला नावं ठेवली. घरी आल्यावर मंदारवरही खेकसले, की तो पंप तुला कधी दुरुस्त करता येणार. बिचारा जाऊन माझ्यासाठी लोकरीचे हातमोजे घेऊन आला.

आइस्क्रीमचा डबा

आता खरी गोष्ट सांगते. हे सांगायची मला लाज वाटते, म्हणून एका दमात सांगते.

मला विशीपासून मायग्रेन आहे. अर्धं डोकं ठणकतं, उजेड सोसत नाही, उलट्या होतात. चिंचवडला आमचे नेहमीचे केमिस्ट होते. डोक्याला हात लावून दुकानात शिरलं की न विचारता एक पाकीट पुढे करायचे. त्या गोळीने अर्ध्या तासात माणसात यायचे मी. ती गोळी एर्गोट नावाच्या बुरशीपासून काढलेल्या औषधाची, तिच्यात थोडं कॅफीनही असतं, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा ती फक्त 'डोक्याची गोळी' होती.

इथे आल्यावर जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, वेगळा विचार केला. म्हणाली, दुखल्यावर गोळी घेण्यापेक्षा दुखूच नये म्हणून घे. एक औषध दिलं, रोज झोपताना घ्यायचं. त्या औषधाने दोन गोष्टी झाल्या. सकाळी डोळे उघडेनात आणि दिवसभर भूक भूक व्हायला लागली. मी कामावरून येताना गाडीत बसून पावाची अर्धी लादी कोरडी खाल्ली आहे. तीन आठवड्यांत ब्लाउज दंडात बसेनासे झाले. दिलं सोडून. जीपीला सांगितलं नाही, कारण ती भली बाई, तिला वाईट वाटेल. असे आम्ही शहाणे.

आणि मग डबा उघडला.

परदेशातल्या कुठल्याही मराठी घरात हा डबा असतो. आमचा हॉकी-पोकी आइस्क्रीमचा दोन लिटरचा आहे. त्यात पोटाचं, सर्दीचं, अंगदुखीचं, खाजेचं सगळं काही असतं. कुणीही भारतात जाऊन आलं की त्यात भर पडते. आमच्याकडच्या माणसाला एअरपोर्टवर बॅग उघडतील याची इतकी धास्ती असते, की मेतकूटसुद्धा फॉर्मवर लिहितो, लाडू किती ते मोजून सांगतो. गोळ्या मात्र कुणाच्या मनातही येत नाहीत. आईने दिलंय ते औषध कसं असेल? ते घरचंच. गेल्या खेपेला मंदार एकटा गेला होता. आईने त्याच्याबरोबर गोडा मसाल्याच्या पिशव्यांमध्ये खोचून माझ्या डोक्याच्या गोळ्यांची दहा पाकिटं पाठवली.

आधी मी दुखलं की घ्यायचे. मग दुखेल अशी भीती वाटली की घ्यायला लागले. मग तर न घेतल्यानेच दुखायला लागलं. जूनपर्यंत रोज सकाळी चहाबरोबर एक, कधी दुपारी गाडीत एक. हे मंदारला माहीत नव्हतं. मला वाटायचं, कुणालाच माहीत नाही.

तीन नाही

जुलैच्या मध्यावर छातीत कफ झाला. एका क्लिनिकमध्ये गेले. तिथल्या तरुण डॉक्टरने अँटिबायोटिक लिहिता लिहिता विचारलं, आणखी काही औषधं चालू आहेत का? मी म्हटलं, नाही.

चार दिवसांनी बोटं बर्फासारखी झाली, टोकं पांढरी पडली, मग जांभळी. माझ्या जीपीकडे गेले. तिने नखं दाबून बघितली, काळजीत पडली, आणि तोच प्रश्न. मी म्हटलं, नाही. तिने रक्त तपासायला लिहून दिलं आणि बजावलं, वाढलं तर थांबू नकोस, सरळ हॉस्पिटल गाठ.

खोटं बोलायचं असं ठरवून मी बोलले नव्हते हो. खरंच सांगते. औषध म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे इथल्या फार्मसीची, नाव चिकटवलेली डबी यायची. आइस्क्रीमचा डबा त्यात बसतच नव्हता. आणि दुसरं असं की, मी आरोग्याच्या क्षेत्रातली बाई, रोज दुसऱ्यांना विचारते, की काही गोळ्या चालू आहेत का! मला विचारणारे हे कोण?

दोन दिवसांनी सकाळी कामावर गणवेश चढवताना डाव्या हाताने बटणं लागेनात. ठणका असा की डोळ्यांत पाणी आलं. सवयीने मी उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर ठेवली, नाडी बघायला. हे मी दिवसातून कितीदा करते. नाडी लागली नाही. जरा सरकवून बघितलं, दाबून बघितलं. नाही. दुसऱ्या हाताची बघितली, ती कशीबशी, अगदी हलकी. पुन्हा डाव्या हाताकडे वळले. तिथे काहीच नव्हतं.

पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं. रक्त काढणाऱ्या बाईच्या हातात रक्त नव्हतं.

मंदारने गोदाम सोडून गाडी कशी हाणली ते त्यालाच ठाऊक. इमर्जन्सीत आत घेतलं, यंत्र लावून नाडी शोधली, स्कॅन केला. हातातल्या रक्तवाहिन्या पार दोऱ्यासारख्या बारीक झालेल्या, दोन्ही हातांत, डाव्यात जास्त. गुठळी कुठेच नाही. डॉक्टर एकमेकांकडे बघायला लागले. पुन्हा प्रश्न आला आणि माझ्या तोंडून तिसऱ्यांदा नाही गेलं.

मुग्धा

दुपारी एक मुलगी टॅब्लेट हातात घेऊन माझ्या पलंगाशी आली. हॉस्पिटलमधली फार्मासिस्ट, गळ्यातल्या बिल्ल्यावर नाव मुग्धा. रोग्याची औषधांची यादी पक्की करणं हे तिचं काम. माझं नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि इंग्रजी बाजूला ठेवून म्हणाली, "काकू, घरी डबा आहे ना?"

मी विचारलं, कसला डबा?

"भारतातल्या औषधांचा. आमचा श्रीखंडाचा आहे. नाशिकहून माझी आत्या भरून पाठवते. तुमचा कशाचा आहे?"

मी रडायला लागले. हॉस्पिटलात आल्यापासून रडले नव्हते. म्हटलं, आइस्क्रीमचा.

तिने टॅब्लेट मिटला, खुर्ची ओढली आणि बसली. मी सगळं सांगितलं, चहाबरोबरची, गाडीतली, सोडून दिलेलं रोजचं औषध, अँटिबायोटिक, सगळं. ती एकदाही 'अगं बाई' म्हणाली नाही. अँटिबायोटिकचं नाव ऐकल्यावर मात्र उठली आणि जवळजवळ पळत डॉक्टरांकडे गेली. परत आली तेव्हा तिच्याबरोबर चार जण होते.

संध्याकाळच्या आत तिने मला नीट समजावलं, आणि आजपर्यंत मला कुणीही इतकं सोपं करून काही सांगितलेलं नाही. रक्तात सेरोटोनिन नावाचं एक रसायन असतं. सगळ्यांना ते मूडचं म्हणून माहीत, पण रक्तातही ते भरपूर असतं. ती म्हणाली, तुम्ही सुई काढल्यावर कापूस दाबून धरता, तेव्हा रक्त थांबतं त्यात त्याचाही हात असतो. रक्तवाहिनीच्या भिंतीवर त्याच्यासाठी जणू दारावरच्या बेल असतात. सेरोटोनिन येतं, बेल दाबतं, वाहिनी आवळते, काम झालं की ते निघून जातं. तुमची डोक्याची गोळी त्याचंच सोंग घेऊन येते. डोक्यातल्या वाहिन्या आवळते, तुम्हाला बरं वाटतं. पण बेल काय फक्त डोक्यात नाहीत, हातापायांतही आहेत. आणि ही पाहुणी एकदा बेल दाबून थांबत नाही, बोट ठेवूनच उभी राहते. तुम्ही रोज एक पाहुणी आणलीत. वर त्या अँटिबायोटिकने तिचा बाहेर जायचा रस्ताच बंद केला. यकृत जे रोज झाडून काढत होतं ते साचत गेलं.

"आणि जीपीने दिलेली ती भुकेची गोळी?" मी विचारलं.

"ती उलटी. ती बेलवर चिकटपट्टी लावते. सेरोटोनिन आलं तरी त्याला बेल दाबताच येत नाही." मग जरा हसून म्हणाली, "तुम्ही चिकटपट्टी फेकून दिलीत आणि पाहुण्या बोलावल्यात, काकू."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं माझे वडील म्हणायचे. ते मला उद्देशूनच म्हणत असणार.

रेष

सर्जन उंच, कमी बोलणारा माणूस होता. माझ्या बाकीच्या बोटांची त्याला फार काळजी नव्हती. डाव्या तर्जनीचं टोक काळपट निळं झालं होतं, ते त्याने हातात घेऊन फिरवून बघितलं. मग खिशातलं पेन काढलं आणि निळं जिथे संपत होतं तिथे, पहिल्या पेराच्या जरा वर, बोटाभोवती रेष ओढली. म्हणाला, रोज सकाळी बघू. निळं रेषेच्या पलीकडेच राहिलं किंवा टोकाकडे मागे सरलं तर उत्तम. खाली उतरलं तर टोक वाचवता येणार नाही, काढावं लागेल. त्याने मला विचारलं, तू काय काम करतेस? मी सांगितलं. तो म्हणाला, मग आपण नीट लक्ष देऊ.

नंतरचे दिवस सगळे सारखेच. एका हातात वाहिन्या सैल करणाऱ्या औषधाची सलाइन, पोटात रक्त पातळ करणारं इंजेक्शन, दोन्ही हात गरम दुलईत गुंडाळलेले. चहा बंद, कॉफी बंद. सकाळी सहाला नर्स रक्त न्यायला यायची. फिजीची होती, नावाने मला ओळखायची. माझ्या हातात शीर मिळेना तेव्हा मी तिला डोळे मिटून चाचपायला शिकवलं. दुसऱ्या दिवशी तिला पहिल्या सुईला मिळाली. मला इतका आनंद झाला की शेजारच्या पलंगावरच्या बाई उठून बसल्या.

पण डोकं! गोळी बंद झाल्याचं डोकं आणि सलाइनमधल्या औषधाचं डोकं, दोन्ही एकदम उठलं. नर्सने आधीच सांगितलं होतं, या औषधाने वाहिन्या उघडतात तशा डोक्यातल्याही उघडतात, दुखेल. साधी पॅरासिटामॉल आणि उलटीचं इंजेक्शन, याउपर द्यायला त्यांच्याकडे फारसं नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मला वाटलं, डोकं फुटून भिंतीवर उडेल.

त्या दुपारी मी जे केलं ते अजून माझ्या आईलाही माहीत नाही. आता तिला कळेलच.

इरा शाळेतून थेट आली होती. मंदार खाली गाडी लावत होता. मी तिला जवळ बोलावलं आणि हळूच सांगितलं, बाळा, डब्यात अजून आहेत, उद्या येताना एक आण. एकच. बाबाला सांगू नकोस.

 इराचा चेहरा पांढरा पडला. मग ती म्हणाली, "नो, मम."

मी म्हटलं, एकाने काही होत नाही. मी तिच्याशी गोड बोलले, मग चिडले, मग मला किती दुखतंय याचा तुला अंदाज नाही असं म्हणाले. पंधरा वर्षांच्या पोरीला. ती जागची हलली नाही.

"मी तुला रोज सकाळी घेताना बघायचे," ती इंग्रजीत म्हणाली. "मला वाटलं, तू ब्लडचं काम करतेस, तुला माहीत असेल. मी कुणाला बोलले नाही. आता परत गप्प नाही बसणार." आणि तिथेच, माझ्यासमोर, तिने फोन काढून बाबाला सांगितलं, डबा घेऊन वर ये, गाडीतच आहे. मुग्धाकडे द्यायचा म्हणून तिने तो सकाळीच घरातून काढून गाडीत टाकला होता.

मंदार डबा घेऊन वर आला. कुठे ठेवावा हे त्याला कळेना, शेवटी पलंगाच्या पायाशी ठेवला. आम्ही तिघं त्या डब्याकडे बघत बसलो. मंदार म्हणाला, मीच आणल्या त्या, माझ्याच बॅगेतून आल्या. तो कधी रडत नाही, तेव्हाही रडला नाही. मी त्याला म्हटलं, तू मेतकूटही आणलंस, त्याने नाही माझे हात गेले. दोष आणणाऱ्याचा नाही, लपवणारीचा आहे. हे मी मोठ्याने म्हटलं आणि म्हटल्यावर डोकं दुखायचं थांबलं नाही, पण माझा धीर परत आला. मनाशी म्हटलं, डोकं फुटू दे. डोकं फुटून माणूस मरत नाही, मायग्रेनची बाई वीस वर्षं हेच तर शिकते. बोटं वाचली पाहिजेत.

मुग्धाने येऊन डबा नेला. जाताना झाकणावर माझं नाव लिहून पावती दिली. नियमच आहे म्हणे. आइस्क्रीमच्या डब्याची पावती मी जपून ठेवली आहे.

सरकलं

पहिल्या सकाळी निळं रेषेवरच होतं. दुसऱ्या सकाळीही. तिसऱ्या सकाळी सर्जनने चष्मा लावून बघितलं आणि तसाच पुढच्या पलंगाकडे वळला, त्या दिवशी मी जेवले नाही. चौथ्या दिवशी आंघोळीत रेष पुसट झाली तर नर्सने ती पुन्हा गिरवून दिली. बोट माझं, रेष त्यांची.

पाचव्या दिवशी शनिवार होता. इरा सकाळीच आली, मला उठवलंही नाही, दुलई बाजूला करून स्वतःच बोट बघितलं. मला जाग आली तेव्हा ती माझं बोट खिडकीकडे धरून फोनने फोटो काढत होती. आदल्या दिवसांचे चारही फोटो तिच्याकडे होते. तिने पाच फोटो एकाखाली एक लावून मला दाखवले.

"इट्स मूव्ह्ड," ती म्हणाली.

निळं मागे सरलं होतं. रेषेपासून टोकाकडे, भाताच्या दाण्याएवढं. रेषेच्या पलीकडे गुलाबी कातडी दिसत होती. मी आयुष्यात इतका सुंदर रंग बघितलेला नाही. मी ओरडले. पूर्ण वॉर्डला कळलं. सर्जन आला, बघितलं, तोच चेहरा, तोच आवाज, फक्त म्हणाला, छान. जाताना त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

दहाव्या दिवशी मी घरी आले. मनगटात नाडी लागत होती. हॉस्पिटलच्या दारात, गाडीत, घराच्या पायरीवर, मी सारखी तीच बघत होते. मंदार म्हणाला, अगं आहे, आहे, कुठे नाही जात.

भुकेची गोळी

आता मी रोज झोपताना तीच चिकटपट्टीची गोळी घेते. हो, तीच. सेरोटोनिनला अडवणारी. जीपीने विचारलं, चालेल ना? म्हटलं, मी पावाची लादीच काय, बेकरी खाईन, पण हिला सोडणार नाही. तिने आधी अर्धी दिली, मग हळूहळू वाढवली. सकाळचं जडपण महिन्यात कमी झालं. भूक काही कमी झाली नाही. सहा किलो वाढले. ब्लाउज उसवून मोठे केले, आणि जे उसवता येईनात ते इराला दिले, तिने त्यांचे काहीतरी टॉप केले. डोकं महिन्यातून एकदा उठतं, पूर्वी आठवड्यातून तीनदा उठायचं. ही माझ्यापुरती गोष्ट आहे. तुमचं औषध तुमच्या डॉक्टरांना विचारा. पण विचाराल तेव्हा सगळं सांगा, एवढंच माझं म्हणणं.

आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, मीच पाठवत होते गं. तिलाही तेच सांगितलं जे मंदारला सांगितलं. त्यानंतर तिने केमिस्टकडे जाऊन त्यांची जी खरडपट्टी काढली तिची हकीकत माझ्या भावाने सविस्तर कळवली. आवाजाच्या बाबतीत मी कुणावर गेले ते उघड आहे.

गणपतीत आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये मी आणि मुग्धाने एक टेबल मांडलं. आरतीच्या आधी मी माइकवर माझं बोट सगळ्यांना दाखवलं आणि सांगितलं, प्रसाद घ्या आणि उद्या आपापला डबा घेऊन या, मुग्धा बघेल. दुसऱ्या दिवशी श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे, बिस्किटांचे, एक तर शिवणाचा, असे डबे आले. एका काकांनी तर पिशवीच आणली. मुग्धा एकेक उघडून बघत होती, कुणाला काही बोलत नव्हती, फक्त चिठ्ठी लिहून देत होती की हे तुमच्या जीपीला दाखवा, हे फार्मसीत परत द्या. त्यात माझ्या डोक्याच्या गोळीची पाकिटं तिघींकडे निघाली. मी त्या तिघींशी स्वतः बोलले. शेवटी मुग्धाने स्वतःचा श्रीखंडाचा डबाही रिकामा केला. आत्याला काय सांगणार विचारलं तर म्हणाली, श्रीखंडच पाठव म्हणेन.

हेनी

हॉस्पिटलमधून सुटल्यावर दहा आठवडे मी कामावर नव्हते. तर्जनीच्या टोकाची कातडी निघाली, खाली नवी आली, तीही पातळ, हुळहुळी. टोकावर मसुराएवढी जागा अजून बधिर आहे. ती बधिर जागा घेऊन शीर कशी शोधायची, हा प्रश्न मला रात्रंदिवस होता. खरं सांगायचं तर तोच एक प्रश्न होता. बोट राहिलं, पण काम राहील का?

मी मंदारच्या हातावर सराव केला. सुई नाही, नुसतं बोट. सोफ्यावर बसल्या बसल्या त्याचा हात ओढायचा, डोळे मिटायचे आणि चाचपायचं. आधी काही कळायचं नाही. मग लक्षात आलं, टोकाने नाही, टोकाच्या जरा खालच्या बाजूने दाबलं तर लागतं. तिथे तर नव्या कातडीला पूर्वीपेक्षा जास्त कळत होतं. ती रेष होती ना, बरोबर तिथे. मी इराला बोलावून तिच्या हातावर करून बघितलं, पुन्हा मंदारवर, पुन्हा इरावर. शेवटी दोघंही पूर्ण बाह्यांचे स्वेटर घालून फिरायला लागले.

ऑक्टोबरमध्ये रुजू झाले. पहिले दोन आठवडे वरिष्ठ बाई शेजारी उभी राहायची. सोप्या शिरा दिल्या, मग अवघड. कागदावर सही झाली. पण माझी परीक्षा त्या कागदावर नव्हती हे मला माहीत होतं, आणि मला वाटतं तिलाही.

तिसऱ्या आठवड्यात सकाळी यादीत हेनीचं नाव आलं.

ती आत आली, काठी भिंतीला लावली, खुर्चीत बसली. मी "कियोरा" म्हटलं. तिने बाही वर न करता आधी दोन्ही हात पुढे केले आणि माझे हात मागितले. मी दिले. तिने ते जुलैत धरले होते तसेच धरले आणि तपासल्यासारखे उलटेसुलटे केले.

मी विचारलं, गरम आहेत ना?

"बोलू नकोस," ती म्हणाली. "रक्त काढ."

मी दंडाला पट्टा बांधला. डावी तर्जनी कोपराच्या खोबणीत ठेवली, रेष होती त्या जागेने दाबलं. डोळे मिटले. आधी काही नाही. जरा आत सरकले. आणि मग, खाली खोल, शिरेने उसळी मारली. तीच. मी डोळे उघडले नाहीत, आधी एकदा पुन्हा दाबून बघितली, मग उजव्या हाताने सुई घेतली.

पहिल्या सुईला रक्त आलं. ट्यूब भरताना मी बघत राहिले. हेनी दाराकडे बघून "स्वीट ॲज!" म्हणाली, इतक्या मोठ्याने की बाहेर बसलेले सगळे हसले.

सुई काढली, कापूस ठेवला, दाबला. तिचं रक्त पातळ, तिला वेळ लागतो. माझ्या बोटाखाली, कापसाखाली, काय काय चाललंय ते आता मला माहीत होतं. ते सेरोटोनिन आपली बेल दाबत होतं, काम करत होतं आणि निघून जात होतं. त्याला त्याचं काम करू दिलं. रक्त थांबल्यावर पट्टी चिकटवली, तिला काठी दिली आणि दार उघडून पुढचं नाव पुकारलं.